मदत हवी आहे: रेनॉल्ड्सच्या चित्रातली खाली तोंड केलेली तोफ

मंडळी, जोशुआ रेनॉल्ड्सने १७८७ साली रंगवलेलं लॉर्ड हीथफील्डचं व्यक्तिचित्र (नॅशनल गॅलरी, लंडन) कुणी बारकाईने पाहिलंय का? हीथफील्ड म्हणजे जिब्राल्टरचा गव्हर्नर एलियट, १७७९ ते १७८३ चा वेढा परतवणारा. हातात गडाची भली मोठी किल्ली, साखळी मुठीला गुंडाळलेली. जो तो किल्लीवरच लिहितो. माझं अडलंय मागच्या तोफेपाशी.

तिचं तोंड पार खाली वळलेलं आहे. कड्यावरून थेट खाली मारा करता यावा म्हणून वेढ्याच्या काळातच लेफ्टनंट केलरने खास तोफगाडा बनवला होता. गॅलरीच्या साइटवर चित्र मोठं करून पाहिलं, पण धुरात गाड्याची रचना कळत नाही. चित्र काढून घेणारा बॉयडेल छापचित्रांचा व्यापारी, तेव्हा छापचित्रात जास्त स्पष्ट असेल, असा अंदाज.

व्याख्यानातल्या स्लाइडखाली एक ओळ लिहायची आहे. लंडनला जाणं शक्य नाही. चित्राचा बाकी इतिहास आहे माझ्याकडे. एवढंच सांगा: ही केलरच्या गाड्यावरची तोफ म्हणता येईल, की कड्याची उंची जाणवावी म्हणून रेनॉल्ड्सने नुसती नळी कलती दाखवली?