मदत हवी आहे: इंजिन गरम झालं की न्यूट्रलमध्ये रेस आपोआप वर-खाली होते

नमस्कार मंडळी,

वडिलांची जुनी सेदान आहे. २००२ चं मॉडेल, १.३ लिटर पेट्रोल, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी प्रणाली), १ लाख १२ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे प्रतिसाद 'विकून टाका' असेच येतील. विकायची नाहीये.

दुखणं असं: सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, रेस (इंजिनचा वेग, म्हणजे आरपीएम) बाराशेच्या आसपास स्थिर. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की सिग्नलला नाटक सुरू. आरपीएम १८०० पर्यंत चढतो, धपकन १००० वर येतो, पुन्हा चढतो. दोन-अडीच सेकंदांना एक फेरी, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं मी त्याला शर्यतीला बोलावतोय. चालत्या गाडीत काही त्रास नाही, पिकअप ठीक. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो, म्हणजे बल्ब शाबूत आहे, पण बिघाडाचा कोड नाही.

आणि गंमत म्हणजे एसी लावला की लगेच शांत!

गॅरेजमध्ये प्लग, एअर फिल्टर बदलून झाले. थ्रॉटल बॉडीही (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) साफ केली. त्यानंतर गाडी बंद पडायला लागली म्हणून मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरने 'थोडी रेस वाढवून' दिली. त्रास आधीही होता, पण त्या दिवसापासून जास्तच. आता तो म्हणतो आयडल व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनला हवा देणारा) गेला, सात हजार लागतील.

मी घरी कूलंट टेंपरेचर सेन्सर काढून मल्टिमीटर लावला: थंड असताना २.३ किलोओहम, कडक गरम पाण्यात साडेतीनशे ओहम. पाण्यासाठी चहाचं पातेलं घेतलं, त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. ब्लूटूथवाला स्कॅनर या गाडीला जुळतच नाही. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, अगरबत्ती पेटवून पाइपांजवळ धर, धूर आत ओढला गेला की लीक सापडलं. पेट्रोलच्या लाइनशेजारी निखारा न्यायची छाती झाली नाही.

सात हजार घालण्याआधी घरी आणखी काय तपासता येईल?

प्रतिसाद

अगरबत्ती नको म्हणालात ते बरं केलंत. सेन्सर ठीक दिसतोय. स्कॅनर जुळत नाही यात नवल नाही, आपल्याकडे ओबीडी (बिघाड स्कॅनरला सांगायची गाडीतली सोय) सक्तीचं झालं ते २०१० पासून.

एसीची गोष्ट तुम्ही गंमत म्हणून लिहिलीत, पण रोगाचं नाव त्यातच आहे. कुठून तरी जास्तीची हवा आत जातेय. तुमच्या गाडीत मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असेल तर ईसीयू (इंजिनचा संगणक) त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोलही सोडतो, म्हणून रेस चढते. थ्रॉटल बंद असताना आरपीएम ठरावीक मर्यादेवर गेला की ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, आणि तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू, पुन्हा चढतो. थंड इंजिनला ही मर्यादा वर असते, म्हणून सकाळी त्रास नाही. एसीचा भार पडला की रेस मर्यादेपर्यंत पोचतच नाही.

इंजिन गरम करून नाटक सुरू होऊ द्या. मग मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांना) येणारा एकेक रबरी पाइप पकडीला फडकं गुंडाळून दाबा: ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत नेणारा), मॅप सेन्सर सोडून बाकीचे बारीक. मॅनिफोल्डच्या अगदी जवळ दाबा, चीर पकडीच्या पलीकडे राहिली पाहिजे. पीसीव्ही दाबल्यावर रेस थोडी कमी होणारच, त्याला भुलू नका. चढउतार पूर्ण थांबतो का ते बघा. फॅनपासून बाह्या सांभाळा.

आणि मेकॅनिकने फिरवलेला तो स्क्रू. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूवर कंपनीची रंगाची खूण असते. ती तुटली असेल तर त्याने लीकवर आणखी एक लीक करून ठेवलंय.

धागाकर्ता

रविवारी केलं. बूस्टरचा पाइप दाबून काही फरक नाही. पीसीव्हीचा दाबला आणि काटा ११०० वर येऊन गप्प बसला. पाइप काढला तर वाकतो तिथे खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर, वरून पाहून जन्मात दिसली नसती. रबर बिस्किटासारखं कडक झालं होतं. नाना पेठेतून १४० रुपयांना नवीन आणला.

स्क्रूवरचा पिवळा रंग तुटलेलाच होता. अर्ध्या वळशाने मागे घेतला, दोन्ही कडांचा रंग जुळला तिथे थांबलो. आता गरम असताना ८५० वर स्थिर. व्हॉल्व्ह जुनाच आहे.

फक्त एसी लावताना एकदा हलकासा झटका बसतो. तो आधीही असायचा का, वडिलांना विचारून सांगतो.