मदत हवी आहे: दहा वर्षांच्या मुलीला 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' दाखवावा का?

नमस्कार मंडळी,

माझ्या लेकीला 'माय नेबर टोटोरो' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट तोंडपाठ आहे. १९८८ मध्ये जपानात त्याच्याच जोडीने 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' प्रदर्शित झाला होता, हे तिला कुठूनतरी कळलं आणि आता तो बघायचा हट्ट चाललाय.

काल रात्री मी आधी एकटीने पाहिला. १९४५ चं, महायुद्धातलं कोबे शहर, आगीचे बॉम्ब, आई दगावते. १४ वर्षांचा सेइता ४ वर्षांच्या सेत्सुकोला घेऊन काही दिवस दूरच्या नात्यातल्या बाईंकडे राहतो, मग तळ्याकाठच्या खंदकात. बॉम्बहल्ला मी बघू शकले. पण खाऊच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून तो बहिणीला पाजतो, तिथे मला चित्रपट थांबवावा लागला.

मूळ कथा लिहिणारे आकियुकी नोसाका यांची चिमुकली बहीण त्याच वर्षी उपासमारीने गेली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता ९ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. म्हणजे हे सगळं भोगलेल्या माणसांनी सांगितलंय. हे लेकीला आधी सांगावं की नंतर?

तुमच्यापैकी कोणी मुलांसोबत पाहिलाय का? कितव्या वर्षी? मध्ये थांबून बोललात, की सलग पाहिलात? शेवट तिला आधीच सांगून ठेवावा का? (सेइताचा मृत्यू तर सुरुवातीलाच दाखवलाय.) आणि नोसाकांच्या कथेचा मराठी अनुवाद कुणाच्या वाचनात असेल तर नक्की कळवा, मला आधी तो वाचायचा आहे.