३,४०० डॉलर भरून पेपर खुला करायचा? मी नाही म्हटलं

टाचणी

मागच्या आठवड्यात आमचा भूजलातल्या फ्लोराइडवरचा पेपर एकदाचा स्वीकारला गेला. दीड वर्ष, तीन फेऱ्या, आणि एक समीक्षक तर असा की त्याला प्रत्येक आलेख निळ्याऐवजी काळ्या रंगात हवा होता. अभिनंदनाच्या मेलखाली एक दुवा. उघडला तर दोन गोल. 'वर्गणीदारांसाठी', खर्च शून्य. 'ओपन ॲक्सेस', म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल असा, ३,४०० डॉलर. दोन दिवसांत निवडा. सहलेखिका म्हणाली, प्रकल्पाचे पैसे उरलेत, भरून टाक, चार लोक जास्त वाचतील. मी पहिल्या गोलावर टिचकी मारली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हणून इथे विचारतोय, माझं काय चुकलं?

प्रयोग आम्ही केले, लिहिलं आम्ही, तपासलं आमच्यासारख्याच दोघांनी, तेही फुकट. पूर्वी प्रकाशक वाचकाचा खिसा कापायचा, आता लेखकाचा कापतो. 'नेचर'नं २०२१ पासून एक पेपर खुला करायचे ९,५०० युरो लावले. म्हणजे पैसे नसलेल्याला आता वाचता येईल, छापता येणार नाही. ओपन ॲक्सेसच्या २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात दोन वाटा सांगितल्या होत्या: लेखकानं आपली प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवावी, आणि वर्गणी न घेणारी जर्नल्स निघावीत. पहिली वाट फुकट आहे. भौतिकीवाले 'आर्काइव्ह' या सार्वजनिक संग्रहावर १९९१ पासून तेच करताहेत. गेट्स फाउंडेशननंसुद्धा २०२५ पासून ही फी देणं थांबवलं आणि प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीचा मसुदा, टाका म्हणून सांगितलं. मग मी का भरू?

कपाट क्र. ७

तुमचा गोल चुकला, साहेब. 'खर्च शून्य' हे तुमच्यापुरतं. बिल आमच्याकडे येतं, ग्रंथालयात. दरवर्षी येतं आणि गठ्ठ्यानं येतं. हवी असलेली चाळीस जर्नल्स घ्यायची तर कुणी न उघडणारी चारशे सोबत घ्यावी लागतात. करारात किमतीबद्दल गुप्ततेचं कलम असतं, म्हणजे शेजारचं विद्यापीठ त्याच गठ्ठ्याला किती देतं हे विचारायचीही सोय नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाशी बोलणी तोडली आणि २०२१ मध्ये नवा करार पदरात पाडून घेतला, पण तेवढा दम किती जणांत आहे? लेखकाची फी निदान उघड्यावर लिहिलेली असते. दर दिसला तर माणूस भांडू तरी शकतो.

दुसरा समीक्षक

टाचणींशी सहमत, आणि त्यांनी सर्वात मोठा तोटा सांगितलाच नाही. जर्नलची कमाई पेपर स्वीकारण्यावर ठरली की नाकारायचं कशाला? २०१३ मध्ये बोहॅन या पत्रकारानं 'सायन्स'साठी मुद्दाम चुका पेरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला, १५७ जणांनी घेतला. हिंदावी या ओपन ॲक्सेस प्रकाशकाचं तर ताजं आहे. २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त पेपर मागे घेतले आणि तिची मालक कंपनी वायलीला ते नावच गुंडाळावं लागलं. मला रोज मेल येतात, 'आदरणीय प्राध्यापक, आपलं अमूल्य संशोधन आमच्याकडे पाठवा'. मी प्राध्यापक नाही. परवाचा मेल दंतवैद्यकाच्या जर्नलचा होता, मी भाषाशास्त्रात आहे.

कपाट क्र. ७

@दुसरा समीक्षक: बोहॅननं तो पेपर वर्गणीवाल्या जर्नल्सना पाठवलाच नव्हता. तुलनाच नाही, तर निष्कर्ष कसला काढता? लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफिल्डचा खोटा पेपर १९९८ मध्ये वर्गणीवाल्या 'लॅन्सेट'मध्येच आला होता, आणि मागे घ्यायला २०१० उजाडलं. कुलूप लावलं म्हणून आतला माल चोख ठरत नाही.

दुसरा समीक्षक

मान्य, तुलना नव्हती. पण 'लॅन्सेट'ला तो पेपर छापून लेखकाकडून दमडी मिळाली नव्हती. चूक वेगळी आणि चुकीचा धंदा वेगळा.

फुकटसंपादक

तुम्ही दोघं एकाच नाण्यावरून भांडताय. ना वाचकाकडून पैसे, ना लेखकाकडून, अशी जर्नल्स आहेत. डायमंड म्हणतात त्यांना. मशीन लर्निंगमध्ये 'जेएमएलआर' आहे. २००१ मध्ये एका व्यावसायिक जर्नलच्या मंडळातल्या चाळीस जणांनी राजीनामे देऊन जाहीरपणे त्याची बाजू घेतली आणि आज ते त्या क्षेत्रातल्या पहिल्या रांगेत आहे. गणितात गॉवर्स आणि मंडळींचं 'डिस्क्रीट अ‍ॅनॅलिसिस' आहे. त्यात पेपर राहतो 'आर्काइव्ह'वरच, जर्नल फक्त तपासून यादीत घेतं.

तसलंच एक छोटं जर्नल मी सहा वर्षं चालवतोय, म्हणून आतलं सांगतो. काल रात्रीचं काम: एका पेपरसाठी अकरावा समीक्षक शोधणं. आधीच्या दहांपैकी सहांनी उत्तर दिलं नाही, तिघांनी नाही म्हटलं, एकानं होकार देऊन पाच आठवड्यांनी तीन ओळी पाठवल्या, त्यातली एक 'इंग्रजी सुधारा'. मग संदर्भसूची. सत्तेचाळीस नोंदी, नऊ ठिकाणी पृष्ठक्रमांक गायब, आणि एक संदर्भ असा की तो पेपर अस्तित्वातच नाही. हल्ली हे फार वाढलंय, कुणाकडून लिहून घेतात ते तुम्हाला माहीत आहे. हे सगळं मी पोरं झोपल्यावर करतो. लष्कराच्या भाकऱ्या म्हणा हवं तर. पण 'प्रकाशक काहीच करत नाही' असं वाचलं की हसू येतं. काम आहे. त्याचे ३,४०० होत नाहीत, एवढंच.

टाचणी

@फुकटसंपादक: कामाला मान आहे. पण तुम्ही उद्या थकलात तर जर्नलचं काय?

फुकटसंपादक

बंद पडेल. जुने अंक दोन संग्रहांत ठेवलेत, ते राहतील. म्हणून तर म्हणतो, फीवर जाणाऱ्या पैशातला थोडा इकडे वळवा. एक अर्धवेळ माणूस मिळाला तरी माझी रात्र सुटेल.

नळजोड

मी संशोधक नाही. पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा चालवतो, कुठल्याच विद्यापीठाचं लॉगिन नाही. टाचणी, तुमचा विषय वाचून थांबलो, कारण फ्लोराइडचं काम माझ्याकडे आठवड्याला येतं. असा पेपर सापडला की पहिली दहा ओळींची गोषवाऱ्याची चौकट वाचायला मिळते, खाली '३५ डॉलर, २४ तास'. पेपर उपयोगाचा आहे का हे पैसे भरल्यावर कळणार. दोनदा भरले. एकदा पद्धत माझ्या उपकरणावर चालणारी नव्हती.

तुमचं तत्त्व पटलं. प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवायची, फुकट. मग तुमची प्रत कुठाय? पंधरा मिनिटं शोधली, नाही सापडली.

कपाट क्र. ७

हेच म्हणणार होतो. फुकट वाट सगळ्यांना आवडते, चालत कुणी नाही. आमच्या संग्रहात पेपर टाका म्हणून मी प्राध्यापकांना दर महिन्याला मेल करतो. उत्तरं दोन येतात, त्यातलं एक 'मी सध्या सुट्टीवर आहे'. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं हे स्वेच्छेवर सोडलं होतं तेव्हा फारसं कुणी हललं नाही. २००८ पासून सक्ती केल्यावर लोक पेपर टाकायला लागले. आणि जुलै २०२५ पासून तर पेपर खुला करायला मिळणारी बारा महिन्यांची सवलतही काढली.

दुसरा समीक्षक

टाचणी, सापडलात :)

टाचणी

सापडलो. 'स्वीकारला की टाकू' म्हणत दीड वर्ष काढलं, खरं कारण आळस. आता करार काढून वाचला. चौथ्या पानावर आहे: स्वीकारलेली प्रत बारा महिने कुठेही ठेवता येणार नाही. पण सुरुवातीला पाठवलेला, समीक्षेआधीचा मसुदा केव्हाही ठेवता येतो. तो आज रात्री प्रीप्रिंट म्हणून टाकतो. समीक्षकांनी सुचवलेले बदल त्यात नसतील, पण मोजमापं तीच आहेत. सहलेखिकेला विचारलं. 'हे आधी का नाही केलंस' एवढंच म्हणाली. चार दिवसांतलं तिचं सर्वात लांब वाक्य.

दुसरा समीक्षक

म्हणजे जो तपासलेला नाही तो सगळ्यांना, आणि तपासलेला फक्त वर्गणीदारांना. छान. फ्लोराइडसारख्या विषयात हे धोक्याचं नाही का?

टाचणी

आहे थोडं. पहिल्या पानावर 'समीक्षेआधीचा मसुदा' असं ठळक लिहितोय. बारा महिन्यांनी बदलेन. कपाट क्र. ७, आठवण करा, गंमत नाही करत.

कपाट क्र. ७

वहीत लिहिलं.

टाचणी

(दोन दिवसांनी) मसुदा मंजूर होऊन लागला. नळजोड, दुवा व्यनितून पाठवलाय.

नळजोड

मिळाला, पूर्ण वाचला. पद्धत माझ्याकडच्या इलेक्ट्रोडवर चालेल असं दिसतंय, सोमवारी करून बघतो. तक्ता ३ मध्ये शेवटच्या दोन रकान्यांना एकक लिहिलेलं नाही. मिलिग्रॅम प्रति लिटर धरायचं ना? कारण मायक्रोग्रॅम असेल तर माझं सगळंच चुकेल.

टाचणी

मिलिग्रॅमच. आत्ता बघितलं, छपाईच्या प्रतीतही नाहीये. तीन फेऱ्यांत एकाच्याही नजरेला पडलं नाही. प्रुफं आज रात्री बारापर्यंत द्यायची आहेत, पळतो.