मांत्रिकच गुप्तहेर असेल, तर रहस्य उरतं कुठे?

काकदृष्टी

आधी कबुली. महिनाभर मी एकाच साच्यातलं वाचतोय. मोठं शहर, पावसाळी रात्र, भाडं थकलेलं ऑफिस आणि त्यात एकटा बसलेला जादूगार. फोन वाजतो. पोलिसांच्या हाताबाहेरचा खून असतो आणि धागा ओढत गेलं की टोकाला पाताळातलं कुणीतरी निघतं. (मांत्रिक म्हटलं की मराठीत भलतंच चित्र डोळ्यांपुढे येतं, म्हणून खाली जादूगारच म्हणतो. शीर्षकात मात्र मांत्रिक शोभत होता.)

वाचताना मजा येते, नाही म्हणत नाही. पण पुस्तक मिटलं की कुणीतरी गंडवल्यासारखं वाटतं.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले. तो स्वतःही रहस्यकथा लिहायचा. दुसराच नियम असा की अतिमानवी काहीही चालणार नाही. तिसरा, गुप्त खोली किंवा चोरवाट एकाहून जास्त नको. म्हणजे चमत्कारांवर ज्याचं पोट, तोच सांगतोय की चमत्कार चर्चमध्ये ठेवा, इथे आणू नका!

बंद खोलीचंच घ्या. दाराला आतून कडी, खिडक्या बंद, आत प्रेत. साध्या रहस्यकथेत वाचक इथे सरसावून बसतो. कडीला दोरा बांधला होता का? दार फोडल्यावर सगळ्यांत आधी आत कोण घुसलं? मृत्यूची वेळ खरी कशावरून? जादूगाराच्या जगात ती खोली बंद नसतेच, भिंतीतून कुणीही येईल. मग डोकं कशावर चालवायचं? आणि नायक अगदीच अडकला की शेवटच्या वीस पानांत त्याला गुरूंनी शिकवलेलं काहीतरी आठवतं.

माझं म्हणणं एवढंच की जादू आणि तपास एका पुस्तकात नांदत नाहीत. भांडायला या.

उंबरठा

आलो.

'खोली बंद नसतेच' इथेच चुकताय. जिम बुचरचा हॅरी ड्रेस्डेन बघा. शिकागोत राहतो, फोनबुकात 'जादूगार' या सदराखाली नाव असलेला एकटाच. पहिली कादंबरी २००० सालची. त्यात हॉटेलच्या खोलीत दोन माणसं मेलेली सापडतात, हृदयं छाती फोडून बाहेर आलेली. 'कसं केलं?' याचं उत्तर पहिल्याच मिनिटाला मिळतं, जादूने. तपास तिथून पुढे सुरू होतो. दुरून असा घाव घालायचा तर त्या माणसाचं काहीतरी हाताशी हवं, केस किंवा रक्त. ताकदही अफाट हवी, एका माणसाच्या अंगात नसते तेवढी. मग ती आणली कुठून? वादळातून. म्हणजे पुढचं वादळ कधी हे कळलं की पुढचा खून कधी हे कळलं. आणि एवढं करू शकणारे शहरात कितीसे? जादूगारांचं जे मंडळ आहे त्याचा पहिला संशय खुद्द ड्रेस्डेनवर. साधन, संधी, संशयित, सगळं जागच्या जागी आहे की.

खवचट

थोडक्यात, खुनी पकडायला हवामान खात्याला फोन.

उंबरठा

हो. आणि खात्याचा अंदाज चुकला तर नायक मेला.

काकदृष्टी

@उंबरठा, मुद्दा चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. अर्सेनिकने माणूस मरतो हे मला पुस्तक उघडण्याआधी माहीत असतं. ते ज्ञान लेखकाचं नाही, आम्हा दोघांचं आहे, म्हणून खेळ बरोबरीचा होतो. 'केस मिळाले तर दुरून मारता येतं' हे मात्र लेखकानेच सांगायचं आणि त्यानेच वापरायचं. त्यामुळे चाळिसाव्या पानावर कुणी सहज म्हणालं की वाहत्या पाण्याने मंत्र विरतो, तर मला तेव्हाच कळतं की शेवटची मारामारी पाण्यात होणार. मी खुनी ओळखत नाही, लेखकाचा खिसा चाचपून बघतो. याला तपास म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मेणबत्ती

काकदृष्टी, खिसा चाचपूनही सापडत नाही अशी एक गोष्ट देतो. विल्यम होप हॉजसनचा कारनॅकी, भुतांचा तपास करणारा, १९१० च्या सुमाराचा. त्याच्याकडे विजेवर चालणारं पंचकोनी कडं असतं, निर्वात काचेच्या नळ्यांचं, बॅटरीवर निळसर पेटणारं. झपाटलेल्या खोलीत तो ते मांडतो आणि रात्रभर आत बसून राहतो. नियम सोपा आहे. बाहेरचं आत येऊ शकत नाही.

'द गेटवे ऑफ द मॉन्स्टर' (राक्षसाचं दार) नावाची त्याची एक कथा आहे. त्यात ते बाहेरचं आत येतं. नियम मोडत नाही, नवा मंत्र लागत नाही, लेखक खोटं बोलत नाही. कड्याच्या आत कारनॅकीने स्वतःच्या हाताने एक वस्तू आणलेली असते आणि ती आणताना तुम्ही बघितलेली असते. कोणती ते सांगत नाही, वाचा.

दुसरी गंमत. याच कारनॅकीच्या काही कथांत भूत निघतच नाही, माणसाची लबाडी निघते. एका कथेत आपोआप वार करणाऱ्या खंजिरामागे यंत्र असतं. म्हणजे दरवेळी पहिला प्रश्न हाच की हे खरंच पलीकडचं आहे की कुणी दोऱ्या ओढतंय? जादू नसलेल्या रहस्यकथेत हा प्रश्नच नसतो, तिथे उत्तर आधीच ठरलेलं. सांगा आता, शक्यता कुठे जास्त आहेत?

जुनाट

इतके प्रतिसाद झाले आणि नारायण धारपांच्या भयकथांतले समर्थ कुणालाच आठवले नाहीत? धन्य.

समर्थ तपास करतात असं मला कधीच वाटलं नाही. ते येतात. बास. आले की वाचकाचा जीव भांड्यात पडतो. भीती असते ती ते येण्याआधीच्या पानांत, एकट्या पडलेल्या माणसाची. म्हणून काकदृष्टींचं अर्धं मान्य, तपास नसतो. पण तो हवाच, हे कुणी ठरवलं? अंधारात चाचपडताना दिवा घेऊन कुणी आलं तर आपण त्याला पुरावा मागतो का?

खवचट

मागतो. दिवा कुठून आणला ते आधी सांगा.

निशाचर

सगळेच चुकीच्या दारावर थापा मारताय. शहरातल्या जादूगाराची गोष्ट कोड्याची नाहीच, ती माणसाची आहे. तिचा पूर्वज अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर. त्याचा १९४४ चा गाजलेला निबंध आहे, कोडं घालणाऱ्या रहस्यकथेची हजेरी घेणारा. शेवटी तो म्हणतो की या ओंगळ गल्ल्यांतून अशा माणसाने चालावं जो स्वतः ओंगळ नाही. जादूगार डिटेक्टिव्ह म्हणजे तोच माणूस, फक्त गल्लीत आता पिशाच्चंही राहतात.

आता जादूने काय फरक पडतो ते बघा. साध्या डिटेक्टिव्हला मोह पैशाचा किंवा बाईचा. याला मोह आहे तो स्वतःच्या ताकदीचा. ड्रेस्डेनच्या जगातला पहिला कायदा, जादूने माणूस मारायचा नाही. समोर खुनी उभा आहे, एक शब्द उच्चारला की काम तमाम, आणि तोच शब्द उच्चारायचा नाही. का? नुसती बंदी आहे म्हणून नाही. उच्चारलात की उच्चारणारा आतून नासतो, दुसऱ्यांदा सोपं जातं. मला यात खुनी कोण याच्याशी देणंघेणंच उरत नाही. मला बघायचं असतं हा माणूस रात्री बारानंतर कोण असतो.

दुपारची झोप

निशाचर, रात्री बारानंतर तो दारात आलेल्या प्रत्येक बाईचं नखशिखान्त वर्णन करत असतो. सुरुवातीची पुस्तकं तर त्यासाठीच बाजूला ठेवावीशी वाटली. शिवाय ती पोलीस अधिकारी मर्फी. तिला खरं सांगायचं नाही, का तर तिच्याच भल्यासाठी. पुस्तक अर्ध्यावर येतं ते निव्वळ याने तोंड उघडलं नाही म्हणून. काकदृष्टींची जादूबद्दल तक्रार आहे, माझी या गप्प बसण्याबद्दल. पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं असतं तर निम्मी माणसं जगली असती.

निशाचर

हे मान्य. यावर बचाव नाही.

नकाशा

कुणी 'शहरात' या शब्दाबद्दल बोलेल का? माझ्या मते तिथे सगळ्यांत मोठी फसवणूक आहे. बुचरला आधी गोष्ट कॅन्सस सिटीत घडवायची होती. लेखन शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, त्याच राज्यातल्या दुसऱ्या शहरात एका लेखिकेची अशीच मालिका चालू आहे, जागा बदल. बाईंच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर अमेरिकेतली मोजकीच शहरं होती, त्यातलं एक उचललं, शिकागो. उद्या गोल दुसरा असता तर? म्हणजे शहर हे पडद्यावर रंगवलेलं. धुकं, दिव्याचा खांब, ओला रस्ता.

उंबरठा

नकाशा, शहर उचललं कसं हे सोडा, पुढे काय केलं ते बघा. शिकागोच्या रस्त्यांखाली साधारण चाळीस फुटांवर मालवाहू बोगद्यांचं जाळं आहे, जुनं, विसरलेलं. १९९२ च्या एप्रिलमध्ये नदीत खांब ठोकताना एक बोगदा फुटला आणि वर रस्ते कोरडे असताना शहराच्या मध्यवस्तीतल्या इमारतींची तळघरं पाण्याने भरली. जमिनीखाली दुसरं शहर आहे आणि वरच्यांना पत्ता नाही, हे लेखकाला रचावं लागलं नाही. नदीचं तर विचारूच नका. १९०० साली कालवा खणून तिचा प्रवाहच उलटा फिरवला, घाण पिण्याच्या तळ्यात जाऊ नये म्हणून. वाहत्या पाण्याने मंत्र विरतो अशा जगात, माणसाने उलटी वाहायला लावलेली नदी! एवढं आयतं कुठे मिळणार?

लंडनचंही तसंच. बेन आरोनोविचच्या मालिकेत (२०११ पासून) नायक साधा कॉन्स्टेबल आहे आणि टेम्सच्या उपनद्या त्यात माणसांच्या रूपात भेटतात. फ्लीट, टायबर्न, या खऱ्या नद्या. आज गटारं होऊन रस्त्यांखालून वाहतात. त्यांना राग येणार नाही तर काय होईल? आणि काकदृष्टी, तुमच्यासाठी खास: हा कॉन्स्टेबल जादूने मोबाइल का जळतो हे मोजून बघतो. फोन चालू असेल तर आतल्या चिपची वाळू होते, वीज तोडलेली असेल तर वाचतो. मग तो फोनला बटणच बसवून घेतो. यापेक्षा वेगळा तपास तो काय असतो?

काकदृष्टी

नद्यांचं आवडलं. मोबाइल जळतो हे मात्र सोयीचंच वाटतं हो. आजच्या शहरात कॅमेरे आणि फोन असताना कुणालाही एकटं पाडता येत नाही, ही रहस्य लिहिणाऱ्यांची खरी अडचण. जादूने यंत्रं बिघडतात म्हटलं की सुटले.

फाटकी छत्री

विषयाला जरा फाटा. शहरात फिरून पाताळाशी लढणारा खराखुरा जादूगार डिटेक्टिव्ह होऊन गेलाय. हुडिनी.

जुलै १९२४, बॉस्टन. मार्जरी नावाने ओळखली जाणारी बाई अंधारात मृतांशी बोलते, टेबलाखालच्या लाकडी पेटीतली घंटा आपोआप वाजते. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने खऱ्या माध्यमासाठी, म्हणजे मृतांशी खरंच बोलणाऱ्यासाठी, बक्षीस लावलंय, हुडिनी परीक्षकांपैकी एक. तो काय करतो? दिवसभर गुडघ्याखाली रबरी पट्टा आवळून बांधतो. रात्रीपर्यंत पोटरी सुजून इतकी हुळहुळी होते की कापड लागलं तरी कळावं. बैठकीत पट्टा काढून, पँट वर सरकवून बाईंच्या शेजारी बसतो. दिवे मालवतात. आणि मग त्या उघड्या कातडीवर बाईंचा घोटा इंचाइंचाने पेटीकडे सरकताना त्याला जाणवतो. घंटा वाजते.

मला तरी यापुढे आगीचे गोळे फिके वाटतात.

पण खरी गंमत पुढे आहे. हुडिनीचा एके काळचा दोस्त आर्थर कॉनन डॉयल. होम्सच्या तोंडी त्याने १९२४ मध्येच 'आपल्याकडे भुतांना प्रवेश नाही' अशा अर्थाचं वाक्य घातलं, आणि त्याच्या दोन वर्षं आधी पऱ्या खऱ्या आहेत असं सांगणारं पुस्तक स्वतःच्या नावावर छापलं होतं. हुडिनी गळा फोडून सांगत राहिला की माझं सगळं हातचलाखीचं आहे. डॉयलचा ठाम विश्वास, याच्या अंगी खरीच दैवी शक्ती आहे, कबूल करत नाही इतकंच. जगातल्या सर्वांत गाजलेल्या डिटेक्टिव्हचा बाप पुरावा समोर बसलेला असताना असा हट्ट धरतो. तेव्हा जादू आणि तपास एकत्र नांदत नाहीत हे खरं, पण ते एका पुस्तकात नव्हे, एका डोक्यात. नाही, थांबा, डॉयलच्या डोक्यात तर सुखाने नांदत होते. माझं मलाच कळेना. पास.

खवचट

आजवरचा सगळ्यात प्रामाणिक प्रतिसाद.

काकदृष्टी

मेणबत्ती, कारनॅकीची ती कथा काल रात्री वाचली. तुम्ही आधी बजावून ठेवलेलं, म्हणून एकेक वस्तू मोजत होतो. तरी चुकलो. कड्याच्या आत बसल्यावर कारनॅकीच्या लक्षात येतं तेव्हाच माझ्याही, आणि मी चक्क मागची पानं उलटून पाहिली की हे खरंच सांगितलं होतं का. होतं. सरळ सांगितलं होतं. तेव्हा 'नांदत नाहीत' हे विधान मागे घेतो.

पण पूर्ण नाही. ती छोटी कथा आहे. ड्रेस्डेनची २०२० पर्यंत सतरा पुस्तकं झाली. पहिल्यात एक जादूगार नशेचं औषध बनवतो आणि वादळाची वाट बघतो. सतराव्यात शहरावर चाल करून साक्षात टायटन येते, सैन्य घेऊन. तिथे कुणाचे केस शोधता आणि कुणाचं घड्याळ बघता? पुढच्या पुस्तकात मोठा शत्रू हवा, त्याला मोठी जादू हवी, आणि एक दिवस डिटेक्टिव्हचा सेनापती होतो. दारावरची पाटी कधी उतरवली तेही आठवत नाही.

उंबरठा

सतरावं पुस्तक पान न पान आवडलेलं असूनही यावर लगेच उत्तर सुचत नाहीये. कारनॅकीची दुसरी कथा वाचा तोवर. खंजिराची.

काकदृष्टी

तिचा शेवट मेणबत्तींनी वरच फोडलाय की!

मेणबत्ती

यंत्र आहे एवढंच सांगितलं. ते कुणी सुरू करून ठेवलं, ते कुठे सांगितलं?