बिलासाठी मोबाईल नंबर : ही संमती म्हणायची का?

सदरकर
सीताबर्डीवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये दोन टॉवेल घेतले. काउंटरवरच्या मुलीने आधी नंबर मागितला. नाही म्हटलं तर म्हणे, "सर, त्याशिवाय सिस्टीम पुढे जातच नाही." मागे रांग, लोक माझ्याकडे बघताहेत. शेवटी तिनेच दहा वेळा नऊ दाबला आणि बिल निघालं. गेली की सिस्टीम पुढे!

नंबरसाठी ग्राहकाला अडवू नका, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. पण नंबर हवाच असतो. तो जाहिरात कंपनीकडच्या खात्यांशी जुळवता येतो आणि रोखीत घेतलेला टॉवेलसुद्धा तुमच्या फोनला येऊन चिकटतो. रांगेत उभं करून काढून घेतलेल्या होकाराला मी संमती म्हणत नाही.

बर्फीवाली ताई
दादा, नाण्याची दुसरी बाजू ऐका. माझा संत्रा बर्फीचा घरगुती धंदा. आधी पेपरात पॅम्प्लेट टाकायचे, अर्धी थेट रद्दीत. आता ऑनलाइन जाहिरातीचे रोज दोनशे रुपये भरते आणि प्रतापनगरच्या आसपास गोडधोड शोधणाऱ्यांनाच जाहिरात दिसते. मोठ्या मिठाईवाल्यांना चौकाचौकात होर्डिंग परवडतं, मला नाही. हे बंद झालं तर ते तगतील, मरण माझंच.

खामल्याचा पोट्टा
ताईशी सहमत. मले एक सांगा राजेहो, आपण काय असे मोठे लागून गेलो का कोनी आपल्या मागं लागन? मॅप फुकट, मेल फुकट, व्हिडिओ फुकट. उद्या महिन्याची वर्गणी मागतली तं हेच लोक बोंबलतीन.

काळा कोट
पोट्ट्या, सुप्रीम कोर्टाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल वाच. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आपल्या नागपूरचे शरद बोबडे त्या नऊंत होते. हक्काला 'मोठा माणूस' असायची अट नाही.

तो खटला सरकारविरुद्ध होता, हे मान्य. कंपन्यांसाठी २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात संमती मोकळी, नेमकी आणि बिनशर्त हवी. कायद्यातच उदाहरण दिलंय : डॉक्टरी सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट मागितले आणि तुम्ही हो म्हणालात, तरी ती संमती सल्ल्याला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई आहे. अपवाद सरकार ठरवतं. आता मला सांगा, सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत जे गैर, ते अठराव्या वाढदिवसाला रास्त कसं होतं?

खामल्याचा पोट्टा
तसं तं मग मतदानाचंही वय काढून टाका वकीलसाहेब. कुठं तरी रेघ माराच लागते.

सदरकर
ताई, छोट्या धंद्यांचं नाव पुढे करायची युक्ती जुनी आहे. आयफोनवर 'या अ‍ॅपला तुमचा माग काढू द्यायचा का?' असं विचारणं अ‍ॅपलने २०२१ मध्ये सक्तीचं केलं. त्याआधीच फेसबुकने अमेरिकी पेपरांत पानभर जाहिराती दिल्या, छोटे धंदे बुडतील म्हणून. २०२२ मध्ये त्याच कंपनीने स्वतःचा फटका सांगितला : वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलर. नुसतं विचारलं तर एवढं नुकसान! म्हणजे न विचारता किती चाललं होतं? आणि फुकटचं म्हणाल, तर पूर्वीही पेपरात बातमीशेजारी जाहिरात असायचीच की. तो पेपर आपल्या मागे दवाखान्यापर्यंत येत नव्हता.

बर्फीवाली ताई
युक्ती कंपनीची असेल, पोट माझं आहे. कोणाला शुगर आहे, कोण कोणत्या डॉक्टरकडे जातं, मला काही नको. मी फक्त एरिया आणि मिठाई निवडते. मागे काय शिजतं ते मलाही दिसत नाही, आणि खरं सांगू, ते मला खटकतं. कंपनीने ग्राहकाला सरळ विचारावं, नाही म्हणाला तर सोडून द्यावं, मला चालेल. पण दिवाळीच्या ऑर्डरी आत्ता घ्यायच्यात. तोवर जाहिरात चालूच राहील, कोणाला राग आला तरी.