लेहच्या प्रवासासाठी पॅकिंग क्यूब आणि व्हॅक्यूम बॅग : जागा वाचते, पण वजनाचे काय करावे?

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि थोरल्या जाऊबाई असे तिघे कोल्हापूरहून लेहला जाणार आहोत. जाऊबाईंचा मुलगा सैन्यात असून सध्या त्याची नेमणूक तिकडे आहे, म्हणून हा बेत ठरला. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तेथून दिल्लीमार्गे विमानाने लेह, आठ दिवस मुक्काम आणि त्याच मार्गाने परत, असा प्रवास आहे. रेल्वेची चिंता नाही, कारण थ्री टायर एसीत माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. विमानात मात्र आमच्या तिकिटावर १५ किलोची एक बॅग आणि हातात ७ किलो एवढीच मुभा आहे.

आपल्याकडे थंडीचे कपडे म्हणजे एखादा स्वेटर आणि शाल. लेहसाठी जाड जॅकेट, थर्मल, लोकरी मोजे असे सगळे जमवले, तेव्हा नुसत्या तीन जॅकेटांनीच अर्धी बॅग भरली. म्हणून सहा पॅकिंग क्यूबचा, म्हणजे बॅगेत कपडे वेगवेगळे लावून ठेवायच्या चेनच्या चौकोनी कापडी पिशव्यांचा, एक संच घेतला आहे, त्यातल्या दोन क्यूबना कपडे दाबून बसवणारी दुसरी चेन आहे. शिवाय हवा काढून टाकायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत. काही हाताने गुंडाळत हवा काढायच्या, तर दोन पंप लावायच्या.

माझ्या मनात धास्ती बसली आहे ती गेल्या डिसेंबरातील अनुभवामुळे. लेकीकडे बंगळूरला जाताना मी प्रथमच अशा पिशव्या वापरल्या. कपडे चेपून बॅगेत ऐसपैस जागा झाली आणि रिकामी जागा दिसली की बाईमाणसाला राहवत नाही, त्याप्रमाणे मी त्यात गुळाची ढेप, चटणी आणि दोन जोड चपला भरल्या. उजळाईवाडीच्या विमानतळावर काट्याने १८ किलो ४०० ग्रॅम दाखवले. मागे रांग उभी असताना फरशीवर बसून मी बॅग उघडली, ढेप काढण्यासाठी वरची पिशवी ओढली, तिचे तोंड सुटले आणि आतली रजई माझ्या डोळ्यांदेखत भाकरीसारखी टम्म फुगली. नंतर ती बॅगेत मावेना. शेवटी रजई काखेत मारून मी विमानात चढले.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की कोणते कपडे क्यूबमध्ये आणि कोणते व्हॅक्यूम बॅगेत भरावेत? पंप सोबत न्यावा लागेल का, आणि नेला तर कोठे ठेवावा? जाऊबाई लेकासाठी चटणी, काकवी आणि कोल्हापुरी चपला नेणारच आहेत, त्याबाबत माझे काही चालणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मीही कोल्हापूरचाच असून हिमालयात पाच-सहा वेळा जाऊन आलो आहे. पिशवीतून हवा जाते, वजन जात नाही, हे आपण काट्यावर अनुभवलेच आहे. त्यामुळे बॅग भरली की थांबायचे असे न ठरवता काट्यावर १४ किलो झाले की थांबायचे असे ठरवा आणि उरलेली जागा रिकामी राहू द्या. हुकाचा छोटा वजनकाटा घरात असू द्या. क्यूबचा संचही रिकामाच एकदा तोलून पाहा. माझा अर्ध्या किलोच्या वर भरला होता.

व्हॅक्यूम बॅगेत फक्त फुगीर आणि रोज न लागणारे कपडे ठेवा, म्हणजे जादा स्वेटर, थर्मलचा दुसरा जोड, शाल. पिसांचे जॅकेट असेल तर ते तसे दाबून फार दिवस ठेवू नये, कारण त्याची ऊब पिसांत अडकलेल्या हवेमुळेच असते. प्रवासापुरते दाबले तर चालते, पोहोचताच काढून झटकून टांगावे. खरे तर सर्वांत जड जॅकेट अंगावर किंवा हातावर घेऊनच विमानात बसावे.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब इतका कमी असतो, की इथे बंद केलेल्या पिशवीत राहिलेली थोडी हवा तिथे जवळजवळ दीडपट जागा मागते. पिशवी फुटत नाही, पण कडक होते आणि बॅगेची चेन ताणली जाते. तेव्हा बॅग काठोकाठ भरू नका. काकवीची बाटलीही गळ्यापर्यंत भरू नये. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून ती दोन पिशव्यांत घालावी. चटणी आणि काकवी दोन्ही मोठ्या बॅगेतच ठेवा, तिखट पूड हातातल्या सामानात अडवतात.

चार्जिंगच्या पंपात लिथियम बॅटरी असते, म्हणून तो पॉवर बँकेप्रमाणे हातातल्या सामानातच ठेवावा. परंतु माझे मत विचाराल तर पंप घरीच ठेवा आणि गुंडाळायच्या पिशव्याच न्या. त्यांत चेनच्या बाजूने गुंडाळायला सुरुवात करून दुसऱ्या टोकाच्या झडपेकडे यायचे असते. बरेच जण उलटे गुंडाळतात आणि मग पिशवीला दोष देतात. चेनच्या खाचेत लोकरीचा एक धागा जरी अडकला तरी रात्रभरात हवा आत शिरते, म्हणून बोटाने खाच दोन वेळा पुसून मगच बंद करावी.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात भर एवढीच घालते, की आपल्याकडे श्रावणात धुतलेले कपडे हाताला कोरडे लागले तरी शिवणीत आणि खिशात ओल राहते. तसे कपडे हवाबंद पिशवीत घातले तर कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. भरण्यापूर्वी इस्त्री फिरवून, पंख्याखाली तासभर ठेवावेत. जरीची साडी दाबून ठेवूच नये, घडीवर जर मोडते. कोल्हापुरी चपलाही हवाबंद पिशवीत नकोत. चामड्याला हवा लागते आणि तेल दिलेले असेल तर ते कपड्यांना लागते. त्या सुती कापडात गुंडाळून बॅगेच्या कडेला, चाकांच्या बाजूला ठेवाव्यात.

प्रश्नकर्तीचा पुन्हा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. माणशी दोन क्यूब आणि प्रत्येकाच्या क्यूबवर वेगळ्या रंगाची लोकर बांधली, त्यामुळे यजमानांचा "माझे मोजे कुठे आहेत?" हा प्रश्न तालमीत तरी एकदाच आला. दुहेरी चेनच्या क्यूबमध्ये रोजचे कपडे गुंडाळी करून बसवले. घडी घातल्यावर पाच कुडते मावत होते, गुंडाळीत सात मावले. जादा लोकरीचे कपडे दोन पिशव्यांत गुंडाळून रात्रभर पलंगावर ठेवले. सकाळी एक पिशवी तशीच चपटी होती आणि दुसरी पुन्हा फुगली होती. पाहिले तर खाचेत खरोखरच शालीचा धागा होता.

माझी बॅग १३ किलो ८०० ग्रॅम आणि यजमानांची १२ किलो ६०० ग्रॅम भरली. जाऊबाईंची मात्र १६ किलो २०० ग्रॅम. काकवीच्या दोन बाटल्यांपैकी एक काढा असे मी म्हटले, तर त्यांनी त्याऐवजी स्वतःचा एक स्वेटर आणि दोन साड्या बाहेर काढल्या. आता हुकाच्या काट्यावर १४ किलो ९०० ग्रॅम दिसत आहे. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांत साधारण किती फरक पडतो, हे कोणी सांगू शकेल का?