मिठागरांवर इमारती बांधाव्यात का?

भांडुपकर:
केंद्राने २०२४ मध्ये मुंबईतल्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी राज्याला द्यायला मंजुरी दिली. कांजूरचं आर्थर १२०.५ एकर, कांजूर-भांडुपचं जेंकिन्स ७६.९, मुलुंडचं जमास्प ५८.५. धारावीत जागेवर घर मिळण्यास जे अपात्र ठरतील, त्यांची सोय इथे होणार. माझं स्पष्ट मत आहे, इथे बांधू नये.

मी रुळांच्या पूर्वेला राहतो. पावसाळ्यात उधाणाची भरती असली की आमच्या नाल्याच्या पुलावर उभे राहा. थर्माकोलचे तुकडे, करवंट्या, एखादी चप्पल, हे सगळं खाडीकडे वाहायचं ते उलटं स्टेशनच्या दिशेने सरकत येतं. त्याच वेळी वरून सर कोसळली तर पाण्याने जायचं कुठे? ते सखल मिठागरांत पसरतं. २५५.९ एकरांवर नुसतं फूटभर पाणी थांबलं तरी सुमारे ३१ कोटी लिटर होतं. भराव टाकून ती जमीन उंच केली की हेच पाणी आमच्या चाळीत शिरणार. समुद्राची पातळी वाढते आहे, पाऊस कमी तासांत जास्त पडतो आहे, आणि आपण मोकळी राहिलेली ताटली पालथी घालतो आहोत.

नव्वदफुटीवरचा:
माझा जन्म धारावीतला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण. जोराचा पाऊस झाला की गटार मोरीतून वर येतं. आई आधी पिठाचा डबा माळ्यावर टाकते, मग पुतणीला उचलते. २००० नंतर आलेले आणि वरच्या मजल्यावर राहणारे, यांना धारावीत घर नाही. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने आहोत. म्हणजे तुम्ही ज्यांच्या इमारती नकोत म्हणता, ते आम्ही.

उपनगरं, बीकेसी, नरिमन पॉइंट, सगळीकडे भराव टाकून झाला, तेव्हा पाण्याची काळजी कोणी केली? आमची पाळी आली आणि जमीन नाजूक झाली. राग येतो.

सिव्हिलवाला:
दोघांनाही सांगतो, मधला मार्ग आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग झाल्यापासून या तुकड्यांत भरतीचं पाणी येत नाही, असं प्रकल्पाच्या बाजूने सांगितलं जातं. मीठ पिकणंही थांबलंय. इमारती खांबांवर उचला, तळमजला मोकळा ठेवा, आवारात साठवण तळं काढा. दादरला हिंदमाताच्या सखल भागात पाणी साठवायला भूमिगत टाक्या बांधल्यावर फरक पडलाच ना? मुंबईच्या जुन्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिमी पावसाची, तीही ओहोटी असताना. ब्रिमस्टोवॅड, म्हणजे मुंबईचे पावसाळी नाले सुधारण्याचा अहवाल, १९९३ चा, त्यात ती ५० मिमी करायची होती. ते काम अजून चालू आहे. पंप आणि टाक्या लागणारच. नुसत्या मोकळ्या जमिनीवर शहर वाचत नाही.

आगरकन्या:
"भरतीचं पाणी येत नाही" हे वाचून थांबले. माझे आजोबा मिठागरात कामाला होते. मिठागरात भरती माणसाने आणायची असते. बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, उचलली की खाडी आत, टाकली की बाहेर. पावसाळ्यात मीठ नसतं, चार महिने तिथे नुसतं पाणी. पाणी धरायला बनवलेली जमीन आहे ती, मीठ बंद झालं म्हणून तिचा उतार बदलत नाही. आणि दादा, साठवण तळ्याचं चित्र नकाशावर निळं असतं, ताबा मिळेपर्यंत तिथे पार्किंग झालेलं असतं. आमच्या आवारात हेच झालं.

पूर्वी_तानसाकाठी:
नव्वदफुटीवरच्या भावाला माझं एक सांगणं. आमचं घर तानसा जलवाहिनीच्या कडेला होतं. ते तोडलं आणि चेंबूरजवळ माहुलला इमारतीत घर दिलं. इमारत होती, लिफ्ट होती. शेजारी रिफायनऱ्या. सहा महिन्यांत माझ्या मुलाचा खोकला थांबेना. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही. गरिबाला घर देतात तेव्हा ते कुठल्या जमिनीवर आहे, हे आधी विचारा. चावीचा फोटो नंतर काढा.

नव्वदफुटीवरचा:
ताई, तुमचं पटतं. पण विचारणार कोणाला? पर्याय म्हणून कोणी धारावीतली जागा देत नाही.

भांडुपकर:
तुमचा राग मला लागला, आणि तो बरोबर आहे. मी पहिल्या पोस्टमध्ये फक्त आमच्या चाळीचं लिहिलं, तुमच्या मोरीचं नाही. सुधारून लिहितो. तुम्हाला घर मिळालंच पाहिजे, आणि ते धारावीत मिळालं पाहिजे. जवळपास सहाशे एकर जागा आहे, विक्रीसाठीचे टॉवर त्यातच उभे राहणार. त्यातले मजले कमी करा आणि अपात्रांना तिथेच ठेवा. यासाठी सही करायला, मोर्चात यायला मी तयार आहे.

सिव्हिलवाल्यांना: पंपांना माझा विरोध नाही. पण खांबांवरच्या इमारतीपर्यंत रस्ता लागतो, मलवाहिनी लागते, शाळा लागते. ते खांबांवर नसतं. त्यांच्यासाठी भराव येणारच.

सिव्हिलवाला:
रस्त्याचा मुद्दा मान्य. भराव किती उंचीचा हे जाहीर झाल्याशिवाय माझंही "होईल" म्हणणं घाईचं आहे. पण मिठागर मोकळं ठेवून धारावीत मजले कमी करायचे, तर पैसा कुठून येणार, हे कोणीतरी मांडायला हवं.

नव्वदफुटीवरचा:
भांडुपकर, तो पूल नक्की कुठे आहे? येत्या पौर्णिमेला येतो. आईलाही आणतो. जिथे पाठवणार म्हणतात तिथलं पाणी तिला बघायचंय.

भांडुपकर:
स्टेशनला पूर्वेला उतरून फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात देतो. भरतीच्या तासभर आधी या. गमबूट माझ्याकडे दोन जोड आहेत.